बॅरोमीटर

न्यूफाउंडलंडच्या त्या घरात, दारामागे,
पितळी बॅरोमीटर.
रोज पहाटे ड्रुसिला आजी त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी,
आणि बूट चढवणाऱ्या आजोबांना म्हणायची,
"जा." किंवा, "आज नको."
एकावन्न वर्षांचा संसार
एवढ्या दोन वाक्यांवर झाला, म्हणतात आजोबा.
खोटं. ती भरपूर बोलायची,
बहुतेक वेळा पिठाशी.

मग कॉड संपला. सरकारने समुद्र बंद केला,
दुकान करावं तसा.
होडी अंगणात पालथी पडली,
आणि आजी खेकड्यांच्या कारखान्यात लागली.
लिंबानेही न जाणाऱ्या वासाच्या त्या हातांनी
आईची नर्सिंगची फी भरली,
माझ्या वेण्या घातल्या,
डोळे ताणले जातील इतक्या घट्ट.
टकटक मात्र चालूच.
"आता कुणाला अडवायचंय?" मी एकदा विचारलं.
"गप बस," म्हणाली.

मार्चमध्ये तिला पुरलं. जमीन इतकी गोठलेली
की एलॅमची कुदळ मोडली.

काल पहाटे आवाज आला.
अंधारात आजोबा, लोकरी मोज्यांवर उभे.
दोनदा टकटक केलं त्यांनी,
आणि थांबले,
चांगला कान स्वयंपाकघराकडे वळवून.