शेऱ्याचा रकाना

केमीच्या रुग्णालयात, तळघरात,
लाँड्रीच्या भिंतीला लागून माझी खोली.
बाहेर उणे एकवीस. आत ड्रायरची घरघर,
दोन पडदे, एक मग, रस्त्यावरचं मीठ लागलेले बूट.

माझं काम गाठोडी बांधण्याचं.
टाम्पेरेत कुणीतरी प्रोग्रॅम लिहितं.
मी तो उलगडून बघते, त्याचे खिसे चाचपते:
कुठली फाइल कुठे दडवतो,
न विचारता डेस्कटॉपवर कसलं चित्र डकवतो.
मग त्याला लागेल ते सगळं त्याच्याच पाठीवर लादते,
विंचवासारखं,
आणि बजावते: जाशील तिथे तोंड उघडायचं नाही.
'पुढे' नाही, 'मान्य आहे' नाही, 'समाप्त' नाही.
रात्री दोनला जा, जुन्याला उठव, त्याच्या जागी बस.
सकाळी नर्सला वाटलं पाहिजे
की कुणी आलंच नव्हतं.

याला आम्ही शांत स्थापना म्हणतो.
नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
सगळा फिनलंड असाच बसवलेला दिसतोय.

या खेपेला औषधनोंदींचा प्रोग्रॅम, आवृत्ती नऊ.
यंत्रं अकराशे बारा.
आधी चाचणीची वीस. त्यांतली बरीचशी हिशेब विभागातली,
कारण तिथे बिघडलं तर माणूस मरत नाही,
नुसता फोन करतो.

विसांतलं एक मात्र सातव्या वॉर्डातलं होतं.
तिथे माझी स्क्रिप्ट अडली. फोल्डर रिकामा नाही.
असायला हवा होता. जुना प्रोग्रॅम इथे काही ठेवत नाही,
असं त्याच्या कागदांत स्वच्छ लिहिलंय.
उघडला. एकच फाइल, बारा वर्षांची.
पडद्यावर खाली, उजवीकडे, 'शेरा' नावाचा एक रकाना होता,
जो सर्व्हरपर्यंत कधी पोचलाच नाही.

*पलंग ४. गोळी लिंगनबेरीच्या जामात. पाण्याबरोबर थुंकते.*
*पलंग २. सामीत बोललं की जेवतो. मला चारच शब्द येतात.*
*पलंग ११. तीनला जागा होतो. दिवा नको, नुसतं बसावं.*
*पलंग ११. खिडकी उघडली. बाहेर तारे होते.*

हेल्लेवी ओयाला, रात्रपाळी. मे महिन्यात निवृत्त.
तिला वाटत असणार, कुणीतरी वाचतंय.

एक शब्द वाढवला असता तर फोल्डर गेला असता,
आतल्या सगळ्यासकट, विनातक्रार.
त्याला सक्ती म्हणतात. आम्ही ती रोज वापरतो.
मी एक ओळ वर घातली: काढण्याआधी, उचलून ठेव.
कुठे, हे ठरवायला दोन दिवस लागले.
आवृत्ती नऊमध्ये शेरा नाहीच.
चाळीस कारणांची यादी आहे, त्यातलं एक निवडायचं.
शेवटी वॉर्डाच्याच सामायिक कपाटात ठेवलं,
नाव दिलं 'हेल्लेवी'. नियमात बसत नाही.

गुरुवारी रात्री पाठवणी.
दोनला सुरू. तीनपर्यंत नऊशे हिरवे.
सव्वातीनला एक सोडून सगळे.
राखाडी उरलं ते सातव्या वॉर्डातलं.
हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली.
बूट चढवले, लिफ्टने वर गेले.

यालमारी नावाचा मुलगा होता पाळीला,
पंचविशीचाही नसेल. टेबलाचा दिवा विझवलेला.
"मीच बंद केलंय," तो कुजबुजला.
"त्याचा पंखा फार वाजतो. अकरावरची बाई
आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

बटण माझ्या बोटापासून वीतभर.
मी खुर्ची ओढली, तीही उचलून, फरशीवर न घासता.
आम्ही बसलो. तो सफरचंद सोलत होता,
साल न तोडता.

सकाळी अहवाल.
यशस्वी: अकराशे अकरा.
अयशस्वी: एक. कारण निवडा.
यादी खालपर्यंत गेले, 'इतर'वर थांबले,
आणि तिथे एक चौकोन उघडला, जेमतेम दोन ओळींचा.

पलंग ११ झोपली आहे, लिहिलं.
उद्या बघू.