तोंड वर, कान खाली

टॉडमॉर्डनच्या बाजारामागच्या चढावर
मी स्कोडा उभी करते, हँडब्रेक दोनदा ओढते,
माइकचं बटण दाबून माझी ओळख सांगते:
अक्षरं चार, आकडा एक, शेवटचं झुलू.
सोडते.
काही नाही.
खरखरसुद्धा नाही.

मिनिटभरापूर्वी बर्नलीचा एक माणूस
घेवड्याला काठ्या कधी लावाव्यात यावर बोलत होता,
इतका स्वच्छ, की त्याने मध्ये चहाचा घोट घेतलेला कळला.
म्हणजे मला ऐकू येतंय.
मी पोचत नाहीये.

गाडी मिसेस क्रॅबट्रीकडून घेतली तेव्हा
रेडिओ डॅशबोर्डखाली आवळलेलाच होता.
"ह्यांचा तो. काढलात तर भोकं राहतील," म्हणाली.
भोकं नकोत म्हणून मी परीक्षा दिली,
बावन्नाव्या वर्षी, फार्मसीच्या काउंटरमागे
खोकल्याच्या बाटल्यांना ओहमचा नियम म्हणून दाखवत.

शनिवारी नॉर्मन ग्रीनवुड आला. ऐंशीच्या घरातला.
खिशात मल्टिमीटर, जसा कुणाच्या खिशात अडकित्ता.
"रिपीटरचं तोंड वर असतं, कान खाली.
बोलतो एका जागी, ऐकतो सहाशे किलोहर्ट्झ खाली.
तू त्याच्या तोंडाशीच तर बोलत बसली नाहीस?"
नव्हते. वजाचं चिन्ह जागेवर होतं.

मग टोन. आपल्या आवाजाच्या तळाशी
एक घरघर पाठवायची असते, ब्याऐंशी पूर्णांक पाच,
ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत न येणारी.
ती आली तरच तो दार उघडतो;
घरातल्यांची कडी वाजवायची खूण असते, तशी.
मिस्टर क्रॅबट्रीने सात नंबरच्या कप्प्यात ठेवलेली खूण
केव्हाच बदलली होती. त्यांना कुणी कळवलं नसावं.

नवा टोन घातला. बटण. ओळख. झुलू.
मला वाटलं, झालं.
नाही झालं.

नॉर्मनने मीटर मध्ये जोडला. काटा उठला, आणि पुन्हा उठला.
"पाठवतेस त्यातलं निम्मं तुझ्याकडेच परत येतंय," म्हणाला,
आणि छतावरच्या अँटेनापासून बोटांनी केबल चाचपत निघाला,
नाडी बघावी तसा, डोळे मिटून,
मागच्या दारापाशी थांबला.
दारात चिमटलेली. चाकूने साल काढली
तर आतलं तांबं न घासलेल्या ताम्हनासारखं हिरवं.
याच दारातून मी दर रविवारी भाजीच्या पिशव्या आत टाकते, दार आपटते.
"काखेत कळसा," मी म्हणाले.
तो म्हणाला, "हा कुठला कनेक्टर?"

त्याचे हात थरथरतात, म्हणून डाग मी दिला.
टॉर्च त्याने धरला. उजेड थरथरत होता.
सांधा थोडा ओबडधोबड आलाय.

बटण. ओळख. झुलू. सोडलं.
आणि मी सोडल्यावरही वर, मूरवर,
काहीतरी श्वास धरून राहिलं,
तीन सेकंद, मग टिक.
याला शेपूट म्हणतात.

"झुलू स्टेशन, आवाज खणखणीत," बर्नली म्हणाला. "बोला."

बोला.
सात आठवड्यांत याचा विचारच केला नव्हता.
मी म्हणाले, घेवड्याला काठ्या आत्ताच लावा,
उशीर करू नका.
मी आयुष्यात घेवडा लावलेला नाही.
नॉर्मनने खिडकीबाहेर बघितलं.

नुसतं बटण दाबून सोडणं वाईट, तो सांगतो,
कडी वाजवून पळणाऱ्या पोरांसारखं.
ओळख सांगावी. नाहीतर गप्प राहावं.

मंगळवारी दुकान बंद करून
चढावर गाडी लावली, हँडब्रेक दोनदा ओढला,
बोलायचं काहीच नव्हतं.
एकदाच दाबलं.

आली शेपूट.