आतल्या बाजूने

माझी बहीण ओर्वोक्की एकतीस वर्षं कवळ्या करायची,
लाहती गावातलं निम्मं हसू तिच्या हातून गेलेलं.
आता ती माझ्या गाड्या रंगवते.

गाडी म्हणजे काय, वीतभर लांब
आणि पाण्याच्या बाटलीसारखं पातळ, पारदर्शक कवच.
खाली बोटाएवढी मोटर, आणि एक जीभ,
ती ट्रॅकच्या खाचेत बसते.
खाच नेईल तिकडे जायचं,
आपल्या हाती फक्त वेग.
(आयुष्याशी तुलना करू नकोस, ओर्वोक्की बजावते,
कवळी बसवून घेतानाही लोक हेच बोलायचे.)

हे कवच आतून रंगवायचं असतं.
बाहेरचा रंग पहिल्याच धडकेत खरवडून निघतो,
आतला टिकतो, कवचाच्या आड.
म्हणून सगळं उलटं.
जे सर्वांत वर दिसायचं ते सर्वांत आधी:
अक्षरांच्या कडा, केसाएवढ्या रेघा,
हेडलाइटमधला एक पांढरा ठिपका,
मग पट्टे, मग पिवळा,
आणि अगदी शेवटी, सगळ्याच्या पाठीशी, चंदेरी.
कळस आधी, पाया नंतर.
चुकलं तर वरून लपवायला
वर काही उरतच नाही.

आकडेसुद्धा आरशातले.
मी सत्तावीस मागतो, ती आठ देते.
आठ उलटा केला तरी आठच, म्हणते,
सत्तावीस हवा तर चष्म्याचे पैसे दे.

तीनला अंधार पडतो. ती भांड्यांच्या साबणाने कवच धुते,
बोटाचा ठसासुद्धा रंगाला खपत नाही.
खिडक्यांवर चिकटपट्टी,
तिची कड नखाने दाबत जाते, हिरडी चाचपावी तशी.
एअरब्रशचा फुस्कारा.
थांबणं.
फुस्कारा.
कॉफी गार होते. मी बोललो तर फक्त भुवई.

अशा चार रात्री.
आणि गुरुवारी, इमारतीच्या तळघरात,
युद्ध आलं तर लपायला बांधलेल्या खोलीत,
चार बोटं जाड लोखंडी दारामागे,
लोकांच्या स्की आणि बाबागाड्यांच्या शेजारी
आमचा आठ खाचांचा ट्रॅक.
तिसऱ्या फेरीला मी तिची गाडी भिंतीवर घालतो.
बाकीचे हसतात. उर्मास तेवढा मनापासून हळहळतो,
ते जास्त लागतं.

या खेपेला पुढची डावी कड फाटली.
घरी येऊन टेप लावायला
मी गाडी पहिल्यांदाच पालथी केली.
आत चंदेरी थर, त्यावर पेन्सिलीने,
मुंगीएवढ्या अक्षरात, आरशातलं नव्हे, सुलटं:
तिसरं वळण. बोट सोड.

मग कपाटातली जुनी कवचं काढली, बुटांचे दोन खोके.
तडकलेली, नाक गेलेली, एक तर अर्धीच.
एकेक पालथी घातली दिव्याखाली.
बोट सोड.
तिसरं वळण, ताइस्तो.
एका हिरवीवर नुसतं, अरे.
एकीवर काहीच नाही.
ती त्या हिवाळ्यातली, आईचं घर विकलं तेव्हाची,
आमचं बोलणं बंद होतं, गाडी दाराबाहेर पिशवीत मिळाली होती.
काहीच नाही. पण पट्टे सरळ,
ठिपका जागच्या जागी.
तीच मी सर्वांत जास्त वेळ धरून बसलो.

सकाळी नवं कवच घेऊन तिच्याकडे गेलो.
आकडा, तिने विचारलं.
आठ, म्हटलं.
तिने चष्म्यावरून पाहिलं.
वाचलंस वाटतं.
काय?
काही नाही. साबण दे इकडे.