पासंग

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांचे काटे तपासले.
भांडुपचा मच्छीबाजार, कांजूरची रेशन दुकानं,
मुलुंडच्या सराफाचा काचेच्या पेटीतला तराजू
जो श्वासानेही हलायचा.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
आतून पोखरून लाखेने भरलेलं किलोचं वजन,
दांडीला हळूच लागणारी करंगळी:
सगळं ठाऊक.
फसवणारा काट्याकडे बघत नाही,
गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो.

उद्या मतदान.
टेबलावर चार पत्रकं पसरून बसलोय
आणि कुमुद म्हणते, कोबी चिरायचाय, आवरा.

पाणी पावणेपाचला, चाळीस मिनिटं.
हे एका पारड्यात.
वारा खाडीकडून फिरला की कचऱ्याचा वास
थेट उशीपर्यंत. हेही.
पोराची नोकरी, दर अकरा महिन्यांनी नव्याने लागणारी.
टेकडीवरच्या घरांना मे महिन्यात येणारी
आणि ऑक्टोबरात विसरली जाणारी नोटीस.
ती आमची नाही, आम्ही खाली राहतो.
पण तिला कुठे ठेवू?

रेहाना परकार परवा बोलली, चाळीसेक माणसांसमोर.
कुठल्या साली किती निधी, किती न वापरता परत.
माईक दोनदा बंद पडला, ती थांबून राहिली.
घरी येऊन मी बेरीज करून पाहिली.
जुळली.

दिगंबर शेट्येला आकडा एकही येत नाही.
पंधरा वर्षांत नाला तोच, फलक तेवढे नवे.
पण कुमुदला श्वास लागला त्या रात्री
तीन इस्पितळांनी हात वर केल्यावर
तो बनियनवर खाली आला, स्वतः गाडी चालवत,
आणि खाट मिळाली.
खाट रिकामीच होती.
रिकामी असून मिळत नव्हती, ते कोणाच्या राज्यात,
हे मला त्या रात्रीही कळत होतं.

आधी रिकामा काटा बघायचा,
नोकरीच्या पहिल्या दिवशी खांडेपारकर साहेब म्हणाले होते,
शून्यावर उभा राहतो का ते.
पाहिला.
कललेला होता.
खाटेमुळे थोडा. आणि थोडा,
कशाला लपवू, पत्रकावर ‘रेहाना’ वाचताना
मी जो क्षणभर थबकलो त्यामुळे.

कुमुद कोबी चिरता चिरता म्हणाली,
माझा जीव त्या पारड्यातून काढा आधी.
त्याच्या आईच्या तेराव्याला दीडशे लाडू वळलेत मी.
फिटलं.

शाळेची खोली, भिंतीवर बाराखडी.
काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसली,
सवयीने पुन्हा वाचली, मग ती खाली पडली.

फाटकापासून बऱ्याच अंतरावर शेट्ये उभा, हात जोडून.
काय काका, तब्येत काय म्हणते वहिनींची?
बरी आहे, म्हटलं.
तो माझ्या बोटावरची शाई बघत होता,
मी त्याची करंगळी.