मोराची नाडी

डाव्या मनगटावर पट्टा. काळा, घड्याळासारखा,
फक्त वेळ सांगत नाही.
आतून हिरवा उजेड लुकलुकतो, कातडीखाली डोकावतो,
आणि त्याला जे सापडतं ते डोंगर ओलांडून
आकुरेयरीच्या इस्पितळात जातं, थोरुनबाईंच्या पडद्यावर.

दर मंगळवारी फोन.
"एयदीस, शनिवारी पहाटे तीनला एकशे अठरा. काय झालं होतं?"
काय सांगू?
काही झालं नव्हतं. तेच तर.

एप्रिलपासून न्हाणीघराला कडी नाही.
औषधांचा डबा बाबांच्या गाडीत, कुलपात.
आणि मी, सोळा वर्षांची, उसनं पीठ मोजून द्यावं
तशी ठोक्याठोक्याने मोजलेली.

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य
डोंगराआडूनच परत फिरतो.
मेंढ्या आत असतात.
एका रात्री गोठ्यात गेले, मोराचा पुढचा पाय धरला,
जिथे लोकर विरळ असते तिथे पट्टा बांधला.
मोरा म्हातारी, तपकिरी, एका कानाने फाटकी.
तिने रवंथ थांबवलं नाही.

मंगळवारी थोरुनबाई खूश.
"बहात्तर! एका लयीत! नव्या गोळीचा गुण आला म्हणायचा."
मी म्हटलं, गवतही चांगलं आहे यंदा.
त्या हसल्या. मला वाटतं त्यांनी ते लिहूनही घेतलं.
आठवडाभर मोरा माझ्या वतीने बरी होत राहिली.

बुधवारी तिच्या पायावर पट्टा नव्हता.
बाबा दही खात होते, स्वेटरची बाही
बोटांपर्यंत ओढून.
हाल्ग्रीमुर बोलणारा माणूस नाही.
वाऱ्याची दिशा सांगतात. ट्रॅक्टरला शिव्या देतात.
मला म्हणाले, दूध संपलंय.

पुढचा मंगळवार.
"एयदीस, खरं सांग.
सहा रात्री, दोन ते पाच. नाडी एकशे दहा, एकशे वीस.
आणि पावलं अकरा. मग कितीतरी वेळ काहीच नाही.
मग परत अकरा.
कुठे जात होतीस?"

फोन कानाला धरूनच मी उठले,
बाबांच्या खाटेपासून माझ्या दारापर्यंत चालले.
माझी तेरा झाली.
बाबांचे पाय लांब आहेत.

"ती माझी नाडी नाही," मी म्हटलं.
पलीकडे खुर्ची करकरली.
"मग कोणाची?"
खिडकीतून गोठ्याचा दिवा दिसत होता,
त्यात एक वाकलेली पाठ.

रात्री मी त्यांची बाही वर सारली.
त्यांनी हात पुढे केला,
खूर कापताना मेंढी पाय सोडून देते तसा.
मनगटावर पट्ट्याचा चौकोनी वळ.
"चार्जिंग संपत आलंय," एवढंच म्हणाले.

पट्टा मी बांधला. दार लोटलं नाही.
दोनच्या सुमारास अकरा पावलं आली,
थांबली.
मी जागी होते. त्यांना ते माहीत होतं.

तेव्हा माझ्या नाडीने काय केलं
ते थोरुनबाईंना विचारा.