इतर

नोंदवहीत सात नावं. अकरा वर्षांत सातच.
श्वासनलिकेचा कॅन्सर इतका विरळ
की छापील फॉर्मवर त्याला घर नाही,
‘इतर’वर खूण करायची.

कोण किती जगलं, कशामुळं जगलं,
डॉक्टरांना शोधायचंय.
मी पट्टीनं रकाने आखते:
वय. गाठीची जात
(इथंही जात विचारावीच लागते).
लांबी. कापता आली का. किरणं किती.

परशराम मुतगेकर, एकसष्ट, निपाणी.
चाळीस वर्षं वखारीत तंबाखू चाळली.
जात वाईट, खालपर्यंत पसरलेली.
पाच महिने.
रकाने जुळतात, डॉक्टर म्हणाले.

मल्लव्वा, चौतीस, हुक्केरीजवळची.
विडी नाही, चूलसुद्धा गॅसची.
गाठ सावकाश वाढणारी,
तरी दीड वर्ष दम्याचा पंप ओढत होती,
कारण श्वासात शिट्टी वाजते म्हटल्यावर
संकेश्वरात दमा, गडहिंग्लजातही दमा.
सीमेच्या दोन्ही अंगांना
एवढं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

चार सेंटिमीटर नळी कापली, टोकाला टोक शिवलं,
आणि हनुवटी छातीला टाक्यानं बांधली,
मान वर गेली तर आतली शिवण उसवेल म्हणून.
आठ दिवस ती फरशीच बघत होती.
बोलायचं नाही, म्हणून पाटीवर कन्नडात लिहिलं:
म्हैस व्याली का?
नवऱ्याला अक्षर येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.
शाळेत रडत गिरवलेली ती लिपी
पहिल्यांदाच कुणाच्या कामी आली.

नऊ वर्षं झाली. हयात.
पंपावर विश्वास न ठेवता
तिला पहाटेच्या एसटीत बसवणारा नवरा
कुठल्या रकान्यात लिहू?
डॉक्टर म्हणाले, एकट्यावरनं काही सिद्ध होत नाही.
बरोबर आहे. मी लिहिलं नाही.

आणि नागेश बाळेकुंद्रीकर, सत्तेचाळीस, नंदगड.
ऑपरेशन झालं, किरणं अर्ध्यावर सोडली.
हिशेबात असा माणूस
शेवटचा दिसला त्या दिवसापर्यंतच मोजतात,
म्हणजे लाल पेनानं ‘संपर्क नाही’
आणि वहीपुरता तो तिथंच उभा,
ओपीडीच्या दारात, टोपी हातात,
परत कधी येऊ बाई, असं विचारत.

मी सोमवार सांगितला होता.

दर महिन्याला त्याचा नंबर लावते.
फोन बंद नसतो, हेच कळत नाही.
आजही लावलाय.
रिंग जातेय.