घंटी वाजत नाही, दिवा लागतो

"काकू, तुमच्याकडे एकच फोन आहे ना? मग नका टाकू,"
वरच्या खोलीतला प्रणय म्हणाला, गोंदियाचा बिसेन.
त्यानं आपल्या फोनवर टाकलं, तर तीन दिवस
कॅमेरा सगळ्यांना उलटं दाखवून राहिला होता.
"कच्ची आवृत्ती आहे काकू. अजून शिजून राहिली."

मी म्हटलं, टाक.
एकतीस वर्षं टेलिफोनात काढली.
कच्चं काय असतं ते मला नको सांगू.

मे महिना. मानेवाड्यात दुपारी चारला
कूलर भरायचा पाइपसुद्धा आधी उकळतं पाणी ओकतो.
फोननं बासष्ट टक्के उतरवलं
आणि बसला. म्हणे, तापलोय, थंड होऊ द्या.
ठेवला माठाशेजारी, ओल्या फडक्यावर,
नातेवाईक असल्यासारखा.

मग अटी. माहिती जाऊ शकते.
आम्ही जबाबदार नाही.
महत्त्वाच्या फोनवर वापरू नये.

महत्त्वाच्या.
इथे जरा थांबले.
गॅसवाला, बँक, रविवारी यवतमाळहून भाची,
आणि एक चुकीचा माणूस, दर महिन्याला
माझ्याकडे सिमेंट मागणारा.
"सहमत" दाबलं.

सकाळी सगळं गोल झालं होतं.
कशालाच कोपरा नाही.
घड्याळाचे आकडे लठ्ठ, कॅल्क्युलेटर बेपत्ता,
आणि अकरा फोन येऊन गेलेले, एकही ऐकू न आलेला.
घंटीच गेली होती.
फोन आला की काठावर नुसती
पिवळी रेघ पेटायची, विझायची.

"मी म्हटलंच होतं," प्रणय.

पण ती पिवळी रेघ मला ओळखीची होती.

त्र्याऐंशी साल, ट्रंक बोर्ड, रात्रपाळी.
प्रत्येक गावाला एक भोक,
भोकावर वाटाण्याएवढा दिवा.
चांदा. वर्धा. गोंदिया. बल्लारशा.
घंट्या नव्हत्याच; चाळीस बाया एका रांगेत,
वाजल्या असत्या तर वेड लागलं असतं.
दिवा लागला की पीन खुपसायची, "नागपूर" म्हणायचं,
अर्जंट की साधा विचारायचं,
आणि जोडून द्यायचं. पुढे कोण रडतं,
कोण भाव सांगतं, ते आपलं नाही.
पिंपळखुटे बाई पाठीमागून फिरत:
"अठरा नंबर, तुझा बल्लारशा केव्हाचा जळून राहिला!"
मी स्वेटर विणता विणता
डोळ्याच्या कडेनं पाहायची.
ती कड अजून शाबूत आहे, हे मला माहीत नव्हतं.

आता गच्चीवर सरगुंडे वाळत घालते,
फोन कठड्याच्या सावलीत,
आणि रेघ पेटायच्या आत हात पोचतो.
रविवारी तोंडातून निघून गेलं, "नागपूर."
भाची म्हणाली, "आत्या, बरं आहे ना?"

कंपनीला दोष कळवायचा एक कागद असतो.
त्यात विचारलंय: हा दोष पुन्हा घडवायचा असेल
तर काय काय करावं लागेल, क्रमानं लिहा.
मी लिहायला बसले. आधी दहावी पास व्हावं लागेल.
मग वडिलांनी म्हणावं लागेल, सरकारी आहे, जा.
मग कानावर पट्टी दाबून
पाच वर्षं केस एकाच जागी झिजावे लागतील.
जागा संपली. तीनशे अक्षरंच देतात.
प्रणय हसला. मग हसायचा थांबला,
म्हणाला, "पाठवा काकू, असंच पाठवा."

गुरुवारी उत्तर आलं; म्हणजे माणसाचं नाही,
सुधारणेचं:
घंटी न वाजण्याची अडचण दूर केली आहे.
आत्ता टाका. रात्री टाका. नंतर आठवण करा.

नंतर, म्हटलं.

पाच वाजलेत, गच्ची अजून चटके देऊन राहिली.
रेघ पेटली. अनोळखी नंबर.
"भाऊ, चाळीस पोती पाठवता का हिंगण्याला?
घाई आहे, स्लॅब टाकायचा आहे."

माझा उजवा हात आपसूक
हवेत दोरी शोधायला गेला.

"अर्जंट ना?" मी म्हटलं.
"थांबा. जोडून देते."